बोटीवरचा संसार आणि लिखाणाची पाळी

प्रश्न : आम्ही नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा असे चौघे गेली दोन वर्षे शिडाच्या बोटीवर राहतो. माझे पती एका कंपनीचे हिशेबाचे काम बोटीवरूनच ऑनलाइन करतात आणि मी अनुवादाची कामे घेते. दोन्ही मिळून कसेबसे भागते. लिहिण्याची ओढ मला शाळेपासून आहे. या दोन वर्षांत सात वह्या भरल्या, पण एकही लेख पूर्ण झालेला नाही. अनुवाद सोडून पूर्णवेळ लेखन करावे, की लेखनाचा नाद सोडून मिळकतीकडे पाहावे? लांबच्या प्रवासात रात्रीचा वॉच (टेहळणीची पाळी) माझ्याकडे असतो, तेव्हा लिहावे असा विचार आहे. दिवसा लिहायला बसले की मुलांचा वेळ चोरते आहे असे वाटत राहते. नव्या बंदरात शिरताना अर्जावर व्यवसायाचा रकाना भरावा लागतो, तिथे ‘लेखिका’ असे लिहिण्याचे धाडस मला अजून झालेले नाही.

उत्तर : सप्रेम नमस्कार.

सात भरलेल्या वह्या आणि पूर्ण न झालेले लेख, या तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींवर मी बराच वेळ थांबलो. ज्यांना नुसते लेखक म्हणवून घ्यायचे असते त्यांच्या वह्या सहसा भरत नाहीत, तेव्हा तुमच्या ओढीविषयी मला शंका नाही. तुमचे अडते आहे ते सुरू केलेला मजकूर शेवटापर्यंत नेण्यापाशी, आणि त्यावर तुम्ही सुचवलेल्या दोन्ही वाटांचा काही उपाय नाही. लेखन सोडले तर आठवी वही तुम्ही चोरून भराल. अनुवाद सोडला तर मोकळे झालेले तास लेखनाच्या वाट्याला येतील याची कोणतीही हमी नाही. पाणी भरणे, कपडे, इंजिनची देखभाल, मुलांचा अभ्यास आणि बदलते हवामान ही बोटीवरची कामे मोकळा वेळ दिसला की त्यात आपणहून शिरतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

अनुवाद सोडू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. लेखनातून येणाऱ्या पैशाची चाल संसाराच्या चालीशी जुळत नाही. मासिकाने लेख स्वीकारल्यानंतर तो छापून यायला अनेकदा काही महिने जातात, आणि पुष्कळ ठिकाणी मानधन छपाईनंतरच मिळते. पुस्तकाची आगाऊ रक्कम हप्त्यांनी येते, स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) हिशेब वर्षातून एकदा किंवा दोनदा होतो, आणि अनेक पुस्तकांच्या बाबतीत त्या आगाऊ रकमेपलीकडे काहीच हाती येत नाही. बोटीची बॅटरी, फाटलेले शीड किंवा मुलाचा ताप मात्र लगेच पैसे मागतो. पुढच्या महिन्याचा खर्च ज्या लेखावर टांगलेला आहे, तो लेख लिहिताना माणूस संपादकाला काय आवडेल याचाच अंदाज घेत बसतो आणि स्वतःला दिसलेले लिहायचे राहून जाते. तुमचे स्वतःचे लेखन अजून आकार घेते आहे, त्याच्यावर इतक्यात घर चालवण्याचे ओझे टाकू नये. अनुवादाने दिवसभर भाषा हाताखालून जात राहते हा त्याचा वेगळा लाभ आहेच. फक्त त्याने तुमच्या दिवसाचा सर्वांत ताजा तास खाता कामा नये.

हा तास मिळवण्याची सोय तुमच्या बोटीवर आधीपासून आहे, असे मला वाटते. लांबच्या प्रवासात तुम्ही दोघे पाळ्या लावता. ज्याची पाळी असते त्याच्याकडे बोट असते, दुसरा निर्धास्त झोपतो, आणि पाळी कोणाची याविषयी वाद होत नाही, कारण वेळ आधी ठरलेली असते. बोट नांगर टाकून थांबलेली असताना लिखाणाचीही अशीच पाळी लावा. सकाळचा एक तास, आठवड्यातून पाच दिवस, दोघांच्या संमतीने वेळापत्रकात लिहिलेला असावा. त्या तासात मुले, स्वयंपाक, रेडिओ आणि दारावर आलेले शेजारच्या बोटीवरचे पाहुणे ही सर्व जबाबदारी पतींची राहील, आणि तितकाच निर्वेध तास त्यांना त्यांच्या आवडीच्या कामासाठी तुम्ही द्याल. ‘वेळ मिळाला की लिही’ असे प्रेमाने म्हणणारी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि तिथे वेळ कधी मिळालेला पाहिला नाही.

इंग्लंडमध्ये टपाल खात्यात १८३४ ते १८६७ अशी नोकरी करत कादंबऱ्या लिहिणारे अँथनी ट्रोलप पहाटे साडेपाचला मेजाशी बसत आणि घड्याळ समोर ठेवून पाव तासात २५० शब्द लिहीत. ते जहाजावरही लिहीत. १८७१ मध्ये ऑस्ट्रेलियाला जाताना त्यांनी केबिनमध्ये लिहिण्याचे मेज आधीच बसवून घेतले होते, बंदर सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी लिखाण सुरू केले आणि आठवड्याला ६६ पाने या गतीने आठ आठवड्यांत एक कादंबरी पुरी केली. मात्र त्यांना पहाटे उठवून कॉफी देणारा नोकर होता आणि हस्तलिखिताची स्वच्छ प्रत पत्नी करून देत असे, तेव्हा त्यांच्या गतीशी स्वतःची तुलना करू नका. घ्यायचे ते इतकेच की त्यांची वेळ, जागा आणि शब्दसंख्या आधी ठरलेली असे. तुम्ही तासाला २५० शब्द लिहिलेत तरी आठवड्याचे १,२५० होतात, आणि वादळे, आजारपणे, प्रवास यांसाठी वर्षातले चार आठवडे सोडले तर वर्षअखेर ६०,००० शब्द हाती असतात. एका पुस्तकाचा पहिला खर्डा साधारण एवढाच असतो.

रात्रीच्या वॉचमध्ये लिहिण्याचा विचार मात्र कृपया आजच सोडून द्या. समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील पाचवा नियम प्रत्येक जलयानाला लागू आहे, आणि त्यानुसार डोळ्यांनी व कानांनी योग्य टेहळणी सदैव ठेवावी लागते. उजळ पडद्याकडे किंवा दिव्याखालच्या कागदाकडे पाहिल्यावर अंधाराला सरावलेली नजर जाते आणि ती पुरती परत यायला वीस-तीस मिनिटे लागू शकतात. तेवढ्या वेळात क्षितिजावर नुकतेच दिसू लागलेले मालवाहू जहाज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते. खाली तीन माणसे तुमच्या भरवशावर झोपलेली असतात. वॉचवर असताना सुचलेले वाक्य फार तर फोनवर बोलून नोंदवा, तेही नजर समुद्रावर ठेवून.

प्रवासात लिखाण होत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका. केबिनमध्ये डोळ्यांना समोरचा कागद स्थिर दिसतो आणि अंतःकर्णाला हालचाल जाणवते. या दोन संदेशांचा मेळ न बसल्याने मळमळते, आणि ते टाळण्यासाठी घेतलेल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. म्हणून प्रवासाचे दिवस टिपणांचे आणि नांगरावरचे दिवस लिखाणाचे, अशी विभागणी सरळ मान्य करा. टिपणांना पेन्सिल वापरा, कारण भिजलेल्या पानावर शाई पसरते आणि शिसाची अक्षरे टिकतात. पन्नास वॉटचा लॅपटॉप दोन तास चालवला तर बारा व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे आठ अँपिअर-तास जातात. इन्व्हर्टरमध्ये आणखी थोडी वीज वाया जाते, म्हणून थेट बारा व्होल्टवर चालणारा चार्जर परवडतो. मजकुराच्या तीन प्रती ठेवा आणि त्यांतली एक बोटीबाहेर, म्हणजे ऑनलाइन किंवा जमिनीवरच्या नातलगाकडे असू द्या. वह्यांचे फोटो तर या आठवड्यातच काढा. दोन वर्षांचे काम तुम्ही खाऱ्या पाण्याच्या इतके जवळ ठेवले आहे, हे वाचून मला खरोखर काळजी वाटली.

आता या वह्यांचे काय करायचे ते सांगतो. सातही वह्या एकदा वाचून जिथे तुम्ही एखादी अडचण सोडवली अशा दहा जागांवर खूण करा : डुलणाऱ्या बोटीवर मुलीला भागाकार कसा शिकवला, चार वर्षांच्या मुलाला सुरक्षा-पट्टा बांधून घेण्याची सवय कशी लावली, गोडे पाणी आठवडाभर कसे पुरवले. त्यांतली एक निवडा आणि १,२०० शब्दांत पूर्ण करा. ती पूर्ण होईपर्यंत दुसरी उघडू नका. नौकानयनाची, पालकत्वाची आणि प्रवासाची मासिके अनुभवातून आलेले उपयोगाचे लेख छायाचित्रांसह नवख्यांकडूनही घेतात. सूर्यास्ताची वर्णने त्यांच्याकडे भरपूर येतात. असे छोटे लेख हा खालच्या पायरीचा उद्योग आहे असे तुम्हाला वाटण्याचा संभव आहे, पण ठरलेल्या लांबीत, ठरलेल्या तारखेला मजकूर संपवून हातावेगळा करण्याची सवय त्यांनीच लागते, आणि तुम्हाला आज नेमकी तीच हवी आहे.

लेख स्वीकारला गेला की करार नीट वाचा. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात सामील असलेल्या देशांत मजकूर लिहिला गेला की नोंदणीविना त्याचा कॉपीराइट तुमचा होतो, म्हणून तो सहज देऊन टाकू नका. प्रथम प्रकाशनाचा हक्क देणे आणि सर्व हक्क कायमचे देणे यांत मोठे अंतर आहे. जो लेख उद्या तुमच्या पुस्तकाचे प्रकरण होऊ शकतो, त्याचे सर्व हक्क थोड्या जास्त मानधनासाठी देऊ नयेत. पुस्तक छापण्यासाठी तुमच्याकडेच पैसे मागणाऱ्या ‘प्रकाशका’ला नकार द्या.

मोठ्या पुस्तकाची मला इतकी घाई वाटत नाही. पेनेलोपी फिट्झजेराल्ड या लेखिकेची हकीकत तुमच्या फार जवळची आहे. १९६० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत त्या पती आणि तीन मुलांसह लंडनमध्ये थेम्स नदीवरच्या एका जुन्या बोटीवर राहत होत्या. पैशांची सततची चणचण होती, शिकवण्याच्या नोकरीवर घर चालत होते, आणि १९६३ मध्ये ती बोट सामानसुमानासह बुडाली. त्यांचे पहिले पुस्तक १९७५ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी आले. त्या बोटीवरच्या जगण्यातून उतरलेल्या ‘ऑफशोअर’ या कादंबरीला १९७९ मध्ये बुकर पारितोषिक मिळाले. तुम्हीही पंधरा वर्षे थांबावे असे मी सुचवत नाही. पण बोटीवर असतानाच बोटीचे पुस्तक झाले पाहिजे, नाहीतर अनुभव वाया गेला, अशी घाई मनात असली तर तिला काही आधार नाही. आज तारखेसह नोंदलेला तपशील पुढेही तुमचाच राहणार आहे.

मुलांचा वेळ चोरण्याविषयी तुम्ही लिहिले आहे. रोजचा एक तास, बाबा सोबत असताना, ही चोरी नव्हे, आणि आईला स्वतःचे काम आहे हे मुलांनी पाहिलेले मला चांगलेच वाटते. मुलीला तिची स्वतःची लॉगबुकची वही द्या. तारीख, वाऱ्याची दिशा आणि दिसलेले पक्षी लिहीत ती शेजारी बसेलही. मला अधिक विचार करावासा वाटतो तो तुमच्या लेखनात येणाऱ्या मुलांचा. सुझॅन हेवूड यांना १९७६ मध्ये, सात वर्षांच्या असताना, आईवडिलांनी शिडाच्या बोटीवरून जगप्रवासाला नेले. तीन वर्षांचा बेत दहा वर्षे लांबला, आणि शाळेसाठी व मैत्रिणींसाठी आसुसलेल्या त्या मुलीने मोठेपणी, २०२३ मध्ये, ‘वेव्हवॉकर’ या पुस्तकात आपली बाजू लिहिली. ज्या प्रवासाला मोठी माणसे साहस म्हणत होती, तो तिच्यासाठी निराळा होता. तुमची मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला विचारता येते. तिच्याविषयीचा मजकूर छापण्याआधी तिला वाचून दाखवा, ती नको म्हणाली तर काढून टाका, आणि दोन्ही मुलांची खरी नावे वापरू नका. एखाद्या मुक्कामाविषयीचे लेखन तो सोडल्यानंतरच प्रसिद्ध करा. आणि बोटीवरचे राहणे तिला अजून आवडते का, हे तिला लेखनाचा विषय बाजूला ठेवून, अधूनमधून विचारत जा.

पैशांबाबत एक साधी शिस्त पाळावी. लेखनाचे उत्पन्न सलग बारा महिने वेगळ्या खात्यात जमू द्या आणि ते घरखर्चात धरू नका. वर्षाअखेर त्या खात्याकडे पाहून अनुवादाचे काम एक चतुर्थांशाने कमी करता येते का, ते दोघांनी मिळून ठरवा. सहा महिन्यांच्या खर्चाची शिल्लक हाताशी असल्याशिवाय ते आणखी कमी करू नका. ज्या देशात मुक्काम असेल तिथल्या व्हिसाच्या अटींत ऑनलाइन कामाविषयी आणि करांविषयी काय म्हटले आहे, हेही प्रत्येक वेळी तपासा, कारण हे नियम देशागणिक बदलतात.

राहिला तो अर्जावरचा रकाना. तिथे तूर्त ‘अनुवादक’ हेच लिहीत राहा. ते खरे आहे, तुमच्या उत्पन्नाच्या कागदांशी जुळणारे आहे, आणि तिथल्या अधिकाऱ्याला तेवढेच हवे असते. १,२०० शब्दांचा पहिला लेख पूर्ण झाला की तो मला पाठवा, छापून येण्याची वाट पाहू नका. मी तो वाचून सविस्तर उत्तर देईन.