पाच विषयांतले दोन कोणते?

प्रश्न: मॅडम, मी कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे. या सत्रात आम्हाला मानव्यविद्यांतले दोन विषय इलेक्टिव्ह म्हणून घ्यायचे आहेत. यादीत तर्कशास्त्र, इतिहासाची साधनं, भाषाविज्ञान-परिचय, कलेचा इतिहास आणि आधुनिक कादंबरी असे पाच आहेत. सीनियर्स म्हणतात, कादंबरी घे, नोट्स तयार मिळतात, स्कोअरिंग आहे. घरचे म्हणतात, काहीही घे, पण मुख्य विषयाला वेळ राहू दे. मला इतिहास आवडायचा, पण सनावळ्या लक्षात राहत नाहीत. फॉर्म भरायला एक आठवडा आहे. कसं ठरवू?

उत्तर: ‘सनावळ्या लक्षात राहत नाहीत’ या तुझ्या वाक्याखाली मी रेघ मारून ठेवली आहे. एकतीस वर्षं मी इतिहास शिकवला आणि हा विषय सोडून गेलेली बहुतेक मुलं मला हेच सांगायची. पण तुझ्या यादीतला विषय नीट वाच. तो ‘इतिहासाची साधनं’ असा आहे. त्यात पाठ करायचं फार थोडं असतं. हातात एक कागद येतो आणि विचारायचं असतं की हा कोणी लिहिला, कोणासाठी, केव्हा, आणि यात काय लिहायचं टाळलं आहे.

मी स्वतः गणिताची विद्यार्थिनी. वेळापत्रकात बसत होता म्हणून पहिल्या वर्षी हा विषय घेतला. सरांनी पहिल्याच तासाला एका दीड पानी जुन्या पत्राची प्रत वाटली आणि पुढचे चार आठवडे त्या एका पत्रावरच गेले. मी लिहून दिलं की पत्र लिहिणारा पैसे मागतो आहे. माझा कागद परत आला तेव्हा समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘मागणी कुठे आहे? ओळ दाखव.’ मी शोधत बसले. मागणी कुठेच नव्हती, वाचताना ती मीच घातली होती. गणितात उत्तर चुकलं की ताळा करून कळायचं. इथे चूक माझ्या वाचण्यातच होती आणि मला तिचा पत्ता नव्हता. पुढे मी एम.ए. इतिहासात केलं, ते त्या एका ओळीमुळे.

हे काम किती दूर नेतं ते बघ. चौथ्या शतकातल्या कॉन्स्टंटाइन सम्राटाने पश्चिमेकडची सत्ता पोपला बहाल केली, असं सांगणारं एक दानपत्र युरोपात कित्येक शतकं खरं धरलं जात होतं. १४४० साली लोरेन्झो व्हाला या विद्वानाने ते बनावट असल्याचं दाखवलं, आणि तेही मुख्यतः त्याच्या लॅटिन भाषेवरून. त्यात रोमच्या अधिकाऱ्यांना ‘सत्रप’ म्हटलेलं होतं. आपल्याला ‘क्षत्रप’ म्हणून माहीत असलेला हाच शब्द. तो इराणी राज्यकारभारातला, रोमच्या दरबारी कागदात तो येईलच कसा, असा व्हालाचा सवाल होता. आकड्यांत रमणाऱ्यालाही इथे भरपूर काम आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गणिती. त्यांनी प्राचीन आहत, म्हणजे ठसे ठोकून पाडलेली, नाणी तराजूत तोलली. नाणं हातोहात फिरताना झिजतं, वजन घटतं, मग त्या घटीवरून ते किती काळ चलनात होतं याचा अंदाज बांधता येतो. त्यांनी त्यासाठी संख्याशास्त्र वापरलं.

म्हणून पहिला विषय इतिहासाची साधनं घे, असं मी स्पष्टच सांगते.

दुसरा भाषाविज्ञान घ्यावास, असं मला वाटतं. या वर्गात भाषेतली उदाहरणं समोर ठेवून त्यांतला नियम शोधायचा असतो. एक नमुना देते. घोडा – घोड्याला, रस्ता – रस्त्याला. पण मासा – माशाला, ससा – सशाला, पैसा – पैशाला. आणि राजा – राजाला, दादा – दादाला. तू हे सगळं जन्मभर अचूक बोलत आलीस, तरी ‘स’चा ‘श’ का होतो आणि राजा का बदलत नाही, हे कोणी विचारलं तर थबकशील. आपल्याला येत असलेली गोष्ट आपल्याला माहीत नसते, हा अनुभव मला फार मोलाचा वाटतो. तुझ्या शाखेला हे परकंही नाही. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृतचं व्याकरण बसवलं, त्यात कोणता नियम आधी लागेल आणि दोन नियम एकमेकांना भिडले तर काय करायचं याचीही व्यवस्था आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलीला ते वाचताना ओळखीचं वाटेल.

तर्कशास्त्राबद्दल तुला कोणीतरी क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाची गोष्ट सांगेलच. विद्यार्थी असताना तत्त्वज्ञानाच्या एका वर्गात त्याची जॉर्ज बूलच्या तर्कगणिताशी, म्हणजे खऱ्या-खोट्या विधानांच्या बीजगणिताशी, ओळख झाली आणि १९३७ च्या प्रबंधात त्याने ते विजेच्या स्विचांच्या मंडलांना लावून दाखवलं. गोष्ट खरी आहे, पण मी ती मुलांना जपून सांगते. त्या वर्गात बसताना पुढे त्याचं काय होणार हे शॅननला ठाऊक नव्हतं. ‘पुढे उपयोगी पडेल’ हा हिशेब मांडून विषय घेतला की प्रत्येक तासाला त्याच्याकडे उपयोग मागितला जातो. शिवाय बूलचं गणित तुझ्या अभ्यासक्रमात येणारच. कलेचा इतिहास छान विषय आहे, पण चित्रं बघण्याची आधीपासून ओढ असेल तरच घे. तुझ्या पत्रात ती दिसली नाही.

आता कादंबरी आणि नोट्स. दुसऱ्या सत्रात मीही असाच एक ‘तयार नोट्स’चा साहित्याचा विषय घेतला होता. मार्क उत्तम पडले. त्यातल्या एकाही पुस्तकाचं एक पान मी वाचलं नाही आणि आज मला त्यातलं काहीही आठवत नाही. याची खंत मला अजून आहे, कारण ती पुस्तकं चांगली होती. कादंबऱ्या खरंच वाचणार असशील तर हा विषय आनंदाने घे. नोट्ससाठी घेऊ नकोस.

घरच्यांची वेळेची काळजी रास्त आहे, तिचं उत्तर जोडी जमवण्यात आहे. इतिहास आणि कादंबरी हे वाचनाचे विषय. सुरुवातीला हलके वाटतात, पण निबंध द्यायची वेळ आली की सत्राच्या शेवटी, नेमके तुझ्या प्रॅक्टिकलच्या दिवसांत, अंगावर येतात. तर्कशास्त्र आणि भाषाविज्ञान दर आठवड्याला थोडी थोडी उदाहरणं सोडवून घेतात. दोन्ही विषय एकाच जातीचे घेऊ नकोस. मार्कांवर शिष्यवृत्ती अवलंबून असेल तर तेही मोकळेपणाने हिशेबात धर, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मात्र सीनियर्सना ‘किती मार्क पडले’ एवढंच विचारू नकोस. ‘काय लिहून दिलंस, दाखव’ असं म्हण. परत मिळालेल्या कागदावर शिक्षकांनी काही लिहिलं आहे का, ते बघ. समास कोरे असतील तर मी सुचवलेला विषयसुद्धा सोडून दे. चांगला शिकवणारा असेल तर यादीतला कुठलाही विषय चालेल, इतकं मला हे महत्त्वाचं वाटतं.

आठवडा हातात आहे. ग्रंथालयात जा, दोन्ही विषयांच्या वाचनयादीतलं पहिलं पुस्तक काढ आणि प्रत्येकी वीस पानं वाच. जमलं तर शिक्षकांना विचारून एकेका तासाला मागे बसून ये. मग फॉर्म भर, आणि काय घेतलंस ते मला कळव. माशाचा ‘श’ कुठून आला ते सापडलं तर तेही लिही.