कार्टूनमधल्या जोडीसाठी एवढं रडू येतं, माझं काही बिघडलंय का?

हा प्रश्न मला बरेच जण विचारतात आणि विचारताना जवळपास सगळेच लाजतात. कुणीतरी काढलेली चित्रं, त्यातलं एक मरणार हे पहिल्या एपिसोडपासून माहीत, तरी सिरीज संपल्यावर आठवडाभर जेवणावर मन नाही. तर आधीच सांगते, रडू येणं हा आजार नाही. पडद्यावरच्या माणसाशी आपलं एकतर्फी नातं जुळतं हे हॉर्टन आणि वोल यांनी १९५६ मध्येच लिहून ठेवलंय, आणि पात्र चित्रातलं आहे म्हणून मन काही वेगळं वागत नाही. मी फक्त एवढंच विचारते की नेमकं कुठल्या सीनला रडू आलं?

एक केस सांगते, तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून. तिशीतली क्लायंट, एका ॲनिमेटेड फँटसीने तिची झोप उडवली होती. गोष्ट अशी की शाप लागलेली एक मुलगी मरायला टेकलेली असते आणि तिचा जोडीदार स्वतःच्या आयुष्यातली निम्मी वर्षं तिला देऊन टाकतो, तिला हे नंतर कळतं, मग एका रात्री तो झोपलेला असताना ती गुपचूप निघून जाते, वर्षं परत करायचा काही उपाय सापडतो का ते शोधायला. मला वाटलं शेवटी दोघं मरतात तिथे हिला रडू येत असणार. पण नाही, ही निघून जाण्याच्या सीनला रडायची. तो सीन आवाज बंद करून पुन्हा पुन्हा बघायची. "जाताना ती त्याचं पांघरूण नीट करायला हात पुढे करते आणि मधेच मागे घेते, मॅडम," असं म्हणत तिने स्वतःचा हात तसाच मागे घेतला आणि तो पोटावर, उजवीकडे खाली जाऊन थांबला.

तिथे तिच्या नवऱ्याची किडनी होती. प्रत्यारोपण केलेली किडनी पाठीच्या बाजूला नाही, पोटात खालीच बसवतात.

मग सगळं बाहेर आलं. माझ्यामुळे त्याचं आयुष्य कमी झालं, तो दमला की माझ्यामुळे, त्याला साधा ताप आला तरी माझ्यामुळे. उरलेली किडनी हळूहळू मोठी होते आणि बराचसा भार उचलते, धोका अगदी शून्य नसतो म्हणून दात्याने दरवर्षी तपासणी करायची, हे सगळं तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं. माहिती दिली की अपराधीपणा जातो असं नसतं हो, तो रिपोर्ट वाचून येत नाही आणि रिपोर्ट वाचून जातही नाही.

मी गोळ्यांचं विचारलं. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून ज्या रोज ठरलेल्या वेळी घ्यायच्या असतात त्या. ती खाली बघत म्हणाली, "कधीकधी राहते." बाकी सगळं मी तिथेच थांबवलं. मरावंसं वाटतं का हेही सरळ विचारलं, असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ती म्हणाली मरायचं नाहीये, पण हे सगळं घ्यायचा मला हक्क नाही असं वाटतं. त्याच दिवशी माझ्यासमोर तिने तिच्या डॉक्टरांना फोन करून चुकलेल्या डोसचं सांगितलं. कुणाला हे वाचताना आपलंच वाटलं, तर फोन आजच करा, समुपदेशकाची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत थांबू नका.

पुढच्या भेटीत आम्ही परत सिरीजवर आलो. मी विचारलं, निघून जाण्याआधी त्या मुलीने त्याला काही विचारलं का? ती बराच वेळ गप्प. "नाही." मला तिच्यापुढे हेच ठेवायचं होतं. अपराधी वाटत असताना आपण समजतो की आपण समोरच्याचाच विचार करतोय, पण त्यात त्याने स्वतः काय ठरवलं होतं तेच पुसून जातं आणि त्याचा नुसता बळी होऊन बसतो. १९५४ मध्ये किडनीचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं ते हेरिक नावाच्या जुळ्या भावांमध्ये. ऑपरेशनच्या आदल्या रात्री आजारी रिचर्डने किडनी देणाऱ्या रोनाल्डला चिठ्ठी पाठवली की तू घरी निघून जा, रोनाल्डने उलट कळवलं की मी इथेच थांबणार आहे. रिचर्डला आणखी आठ वर्षं मिळाली, त्यात लग्न झालं, मुलं झाली. रोनाल्ड एका किडनीवर २०१० पर्यंत जगला. हे ऐकून ती म्हणाली, "त्याने निदान चिठ्ठी तरी लिहिली." तिने तेवढंही केलं नव्हतं.

मग नवरा आला. त्याला राग होता आणि तो राग बरोबर होता असं मला वाटतं. "ही माझ्याशी भांडतच नाही," तो म्हणाला. "मी चुकलो तरी सॉरी हीच म्हणते. पिशवी उचलू देत नाही. मला बायको वाचवायची होती, इथे मी घरात पेशंट होऊन बसलोय." गोळ्यांचं तिने स्वतः सांगितलं, रडत. तो हादरला आणि मग आवाज चढवून म्हणाला, ती किडनी आता तुझी आहे, पण ती द्यायचा निर्णय माझा होता, तो तू बदलायचा नाहीस. ती पण चिडली, "मग दमलास की दमलो म्हण ना, लपवतोस कशाला?" कारण तोही लपवत होता, तिला वाईट वाटू नये म्हणून. मी मधे पडले नाही, बऱ्याच महिन्यांनी ती दोघं भांडत होती.