पाय दुखतोय, पण नेमकी तपासणी कोणती करायची?

प्रश्न : वय ५८. पूर्वीपासून बिडी ओढतो. गंगापूर रोडला फिरायला निघालो की दोन-तीनशे पावलांत उजव्या पोटरीत गोळा येतो. थांबलो की दोन मिनिटांत जातो. कमरेचा एमआरआय करून घेऊ का?

उत्तर : आधी एक सांगा, थांबता म्हणजे नुसते उभे राहता की कट्टा शोधून बसता? नुसतं उभं राहून दुखणं जात असेल, तर संशय रक्तवाहिनीवर. बसल्याशिवाय किंवा पुढे वाकल्याशिवाय आराम पडत नसेल, तर मणक्यावर. तुमचं दुखणं मला पहिल्या प्रकारातलं वाटतं. त्यासाठी एबीआय करा. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागायचं, एवढीच ही तपासणी. सुई नाही, मशिनच्या बोगद्यात जाणं नाही. आकडा ०.९ किंवा त्याखाली आला तर पायाचा रक्तपुरवठा कमी आहे. पायाची धमनी अरुंद झाली असेल तर हृदयाच्याही तपासून घ्याव्यात, म्हणून सोबत साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करा. एमआरआयची घाई नको. काहीही दुखत नसलेल्या माणसांच्याही मणक्याच्या चकत्या या वयात सरकलेल्या दिसतात, मग नसत्या उपचारांमागे धावणं होतं. बिडी मात्र आजच सोडा. कळकळीने सांगतो.

प्रश्न : आईला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. रात्री तळपाय जळतात, मुंग्या येतात. लॅबचं ‘फुल बॉडी’ पॅकेज घ्यावं का?

उत्तर : पॅकेजआधी डॉक्टरांनी त्यांचे तळवे बघू देत. १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवला की संवेदना किती उरली ते कळतं. निफाडकडच्या द्राक्षबागेत काम करणाऱ्या एक मावशी माझ्याकडे आल्या, तेव्हा टाचेत मांडवाच्या तारेचा तुकडा रुतलेला होता. त्यांना पत्ताच नव्हता. रक्तातलं एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉईडसाठी) आणि बी-१२ जीवनसत्त्व पुरे. आई मेटफॉर्मिन घेत असतील तर बी-१२ नक्की करा, त्या गोळीने ते कमी होऊ शकतं.

प्रश्न : दिल्लीहून रेल्वेने नाशिक रोडला उतरल्यापासून डावी पोटरी सुजली आहे, गरम लागते. रोज तेल लावून चोळते.

उत्तर : ताई, तुम्हाला त्याच दिवशी फोन केला होता, इतरांसाठी इथे लिहितो. चोळणं बंद. एकच पाय अचानक सुजला तर शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉपलर, म्हणजे शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी करावी. दम लागला किंवा छातीत दुखलं, तर तपासणीची वाट न बघता १०८ ला फोन करावा.