रेषा भारी, चेहरा मात्र धुरकट

प्रश्न: रात्री माळावर बहिणीला उभं करून तिच्यामागे एलईडी फिरवून फोटो काढतोय. शटर ३० सेकंद उघडं ठेवलं की उजेडाच्या रेषा एकदम मस्त येतात पण तिचा चेहरा पार धुरकट. काय करू? (एक वाचक, वाई)

उत्तर: ३० सेकंद अजिबात न हलता कुणालाच उभं राहता येत नाही हो, नुसत्या श्वासानेही डोकं हलतं. म्हणून चेहरा फ्लॅशने पकडायचा. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १००, अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८ ठेवून बघा आणि शटर उघडल्या उघडल्या बाजूने कमी पॉवरवर एकच फ्लॅश मारा, तो क्षणभरच पेटतो त्यामुळे चेहरा शार्प येतो, मग उरलेला वेळ रेषांसाठी तुमचाच. १९४९ मध्ये छायाचित्रकार जॉन मिलीने टॉर्चने हवेत चित्रं काढणाऱ्या पिकासोचे फोटो घेतले ना, त्यातही पिकासो स्वतः दिसतो तो फ्लॅशमुळेच, जरूर बघा ते.

बहिणीला मात्र फ्लॅशनंतरही जागेवरच थांबायला सांगा, नाहीतर मागच्या रेषा तिच्या अंगावरून आरपार दिसतील. फोकस आधीच टॉर्च मारून डोळ्यांवर घ्या आणि लगेच मॅन्युअल करा, अंधारात ऑटोफोकस नुसता चाचपडत बसतो. तुम्ही काळे कपडे घाला, लाइटची मागची बाजू चिकटपट्टीने झाका म्हणजे तुमच्यावर उजेड पडणार नाही.

आणि ते स्टील वूल (बारीक पोलादी तारांचा चोथा) पेटवून फिरवायचं फॅड वाळलेल्या गवतात अजिबात नको, एक ठिणगी पडली तरी वणवा लागतो.