प्रवाळ स्वतःच्या डोक्यावर ढग तयार करतात, हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे. ढग बनण्यात प्रवाळांचा हात आहे, पण ‘ऊन वाढलं की प्रवाळ छत्री उघडतात’ हे जरा तिखटमीठ लावलेलं.

कोबी जास्त शिजला की घरभर जो वास सुटतो, त्यात डायमिथाइल सल्फाइड हा वायू असतो. समुद्राच्या वासातही तोच. प्रवाळांच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल त्याचा कच्चा माल तयार करतं; प्रवाळ प्राणी स्वतःही तो बनवतो, हे २०१३ मध्ये कळलं. हा वायू हवेत गेला की त्यापासून सल्फेटचे बारीक कण होतात, आणि अशा कणांवरच बाष्प बसून ढगांचे थेंब बनतात.

ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळांच्या प्रचंड रांगेच्या दक्षिण टोकाकडे हेरॉन नावाचं बेट आहे. तिथे ओहोटीला गाईडबरोबर रीफवर चाललो होतो. पाणी घोट्याएवढं, प्रवाळांची टोकं उघडी पडलेली आणि त्यांवर भेंडी चिरताना सुटते तशी तार. उघडे पडलेले प्रवाळ हा वायू भसकन सोडतात. वासही आला, पण बेटावर पक्ष्यांची विष्ठा इतकी की तो नेमका कशाचा, हे शपथेवर सांगणार नाही.

छत्रीची कल्पना १९८७ची. जेम्स लव्हलॉक हे ब्रिटिश शास्त्रज्ञ आणि आणखी तिघांनी ती खुल्या समुद्रातल्या शैवालाबद्दल मांडली होती. प्रवाळांना ती नंतर चिकटली. २०२१ मध्ये संगणकाच्या प्रारूपातून प्रवाळांचा हा वायू वजा करून पाहिला, तर हवामानात म्हणावा असा फरक पडला नाही. ढगांना लागणारे कण समुद्राच्या मिठातून आणि आपल्या धुरातूनही येतातच की.

उलट्या दिशेचा परिणाम मात्र जबरदस्त आहे. निरभ्र आकाश, पडलेला वारा आणि तापलेलं पाणी एकत्र आलं की प्रवाळ पांढरे पडतात. २०१६ मध्ये रीफचा उत्तर भाग असाच होरपळला. दक्षिण भाग बराचसा वाचला, कारण फिजीला झोडपून आलेल्या विन्स्टन चक्रीवादळाच्या अवशेषांनी तिथे ढग आणि पाऊस आणला. म्हणजे छत्री आली, पण पाहुण्याची.

आता माणसंच ती धरू पाहताहेत. २०२० पासून तिथे बोटीवरच्या पंख्यातून समुद्राचं पाणी अतिसूक्ष्म तुषारांच्या रूपात हवेत उडवून ढग उजळवता येतात का, म्हणजे ते जास्त ऊन परतवतील का, याच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत.