थॅलेसेमियाच्या मुलाला लोह कमी करायची गोळी दिवसाआड दिली तर चालेल का?

तुमच्या बहिणीचा खानापूरचा मुलगा 6 वर्षांचा, वजन 16 किलो, दर 3 आठवड्यांनी रक्त चढतं, फेरिटिन (अंगात किती लोह साठलंय याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) 2800. लोह कमी करायच्या डेफेरासिरॉक्स गोळीने मळमळतं म्हणून दिवसाआड द्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

कृपा करून तसं करू नका. रक्ताच्या एका पूर्ण पिशवीतून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि शरीर दिवसाला जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम बाहेर टाकतं. उरलेलं यकृतात, हृदयात आणि वाढीच्या ग्रंथींत साठतं. वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही, म्हणून तर गोळी टाळावीशी वाटते. पण गोळीचा असर साधारण एक दिवसच टिकतो. चुकलेल्या दिवशी मोकळं लोह त्या अवयवांना इजा करतच राहतं.

मळमळीचं कारण कधी कधी देण्याच्या पद्धतीतही असू शकतं. पाण्यात विरघळणारी गोळी चावून किंवा अख्खी गिळायला देऊ नका. 100 मिली पाण्यात किंवा संत्र्याच्या रसात पूर्ण मिसळेपर्यंत ढवळा. दूध आणि सोडा नको, सोड्यात फेस येतो आणि दुधात गोळी हळू विरघळते. तळाशी राहिलेला गाळही थोडं पाणी घालून पाजा, नाहीतर मात्रा कमी पडते. पोट रिकामं हवं, आणि त्यानंतर अर्धा तास चहा-बिस्किटही नाही. सकाळी त्रास होत असेल तर संध्याकाळी जेवणाआधी देता येते का, ते डॉक्टरांना विचारा. ॲल्युमिनियम असलेली ॲसिडिटीची औषधं सोबत नकोत.

दुकानात एक घोळ नेहमी होतो. विरघळणारी आणि गिळायची फिल्म-कोटेड गोळी यांची मात्रा सारखी नसते. विरघळणारीचं प्रमाण किलोला 30 मिलिग्रॅम धरलं तर या मुलाला ती सुमारे 500 मिलिग्रॅम लागेल, त्याऐवजी फिल्म-कोटेड मात्र 360 पुरते. बेळगावात एक मिळाली आणि कोल्हापुरातून दुसरी आणली, तर पाकिटावरचा आकडा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नका.

जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं, लघवी घटली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. मूत्रपिंडावर ताण येतो. काळी शी किंवा उलटीत रक्त दिसलं तरी तेच. दर महिन्याला क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), यकृताची तपासणी आणि लघवीतलं प्रोटीन बघायला हवं. फेरिटिन दर 3 महिन्यांनी, शक्यतो एकाच लॅबमध्ये. तापात ते उगाच वाढतं, तेव्हाचा आकडा धरू नका. हृदयातलं लोह फेरिटिनवरून नीट कळत नाही, त्यासाठी पुढे टी-टू-स्टार एमआरआय लागेल.

आणि एक, हे मुद्दाम सांगतो: अंगणवाडीत, शाळेत लोहाचं सिरप आणि गोळ्या वाटतात. या मुलाला त्या देऊ नयेत, असं डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि ती चिठ्ठी शाळेत आणि आशाताईंकडे द्या. कन्नड शाळा असेल तर कन्नडमध्येच लिहून घ्या.