मोहावी वाळवंटात निवांत कॅम्पची जागा कशी शोधावी आणि तिथल्या कच्च्या वाटांवर गाडी कशी न्यावी?

तुम्ही लिहिलंय की थँक्सगिव्हिंगच्या सुटीत लॉस एंजेलिसहून दोन गाड्या निघणार, एक सुबारू आउटबॅक आणि एक फोर-बाय-फोर टोयोटा फोररनर. दोन रात्री अशा जागी काढायच्या आहेत जिथे दुसऱ्या कुणाचा दिवाही दिसणार नाही. जागा कशी शोधायची आणि खराब वाटेवर गाडी कशी चालवायची, हे तुम्ही वेगवेगळे प्रश्न म्हणून विचारलेत, पण ते एकच आहेत. जिथून आउटबॅक स्वतःच्या चाकांवर परत येईल तीच तुमची जागा. त्यामुळे नकाशावर आधी वाट ठरवा, मग जागा.

बार्स्टो आणि नीडल्सच्या मधला मोहावी ट्रेल्स नॅशनल मॉन्युमेंट तुम्हाला सोयीचा पडेल. 2016मध्ये जाहीर झालेला, सुमारे 16 लाख एकरांचा हा पट्टा बीएलएम, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट सांभाळतं. तिथे कॅम्पग्राउंडबाहेरही फुकट तंबू ठोकता येतो, एका जागी जास्तीत जास्त 14 दिवस. उत्तरेला लागूनच मोहावी नॅशनल प्रिझर्व्ह आहे. ते नॅशनल पार्क सर्व्हिसचं, तिथले नियम वेगळे. नकाशाच्या अॅपमध्ये जमिनीच्या मालकीचा थर लावा आणि सगळा भाग ऑफलाइन उतरवून घ्या. एकोणिसाव्या शतकात इथे रेल्वेला एक आड एक चौरस मैल जमीन दिली गेली होती. त्यातले काही तुकडे आजही खासगी आहेत. ‘विल्डरनेस’ लिहिलेल्या हद्दीत गाडी नेता येत नाही, मग आत जुनी चाकोरी कितीही स्पष्ट दिसो.

डुमॉन्ट ड्यून्स, जॉन्सन व्हॅली ही नावं शोधात वर येतील. ती ऑफ-रोड गाड्या पळवणाऱ्यांची मैदानं आहेत आणि थँक्सगिव्हिंगला तिथे जत्रा भरते. रूट 66 या जुन्या महामार्गाला समांतर जाणारा रेल्वेमार्गही लक्षात घ्या. मालगाड्या रात्रभर धावतात आणि उघड्या वाळवंटात त्यांचा भोंगा काही मैलांवरून ऐकू येतो. नुसतं अंतर वाढवून तो थांबत नाही, मधे डोंगराची धार लागते. म्हणून उपग्रह चित्रात टेकडीच्या पलीकडे वळलेली, पुढे कुठेच न जाणारी आखूड फाटा-वाट शोधा. तिच्या टोकाला फिकट, गोलसर मोकळा डाग दिसला की तिथे पूर्वी कुणीतरी गाडी वळवलेली आहे. असे तीन-चार डाग टिपून ठेवा, कारण एखाद्यावर आधीच कुणी असेल.

कॅम्प जुन्याच डागावर लावा, नवी जागा मोडू नका. काळसर, घट्ट बसलेल्या खड्यांची फरसबंदीसारखी जमीन दिसेल, तिच्यावर चाक अजिबात घालू नका. 1942 ते 1944मध्ये इथे रणगाड्यांचं प्रशिक्षण झालं, त्यांचे चरे अजून दिसतात.

जागेवर पोचलात की गाडीतून उतरून आधी पायी फिरा. कोरड्या ओढ्याचं पात्र सपाट, मऊ, वाऱ्यापासून आडोशाचं असतं आणि म्हणूनच मोह घालतं. तिथे तंबू नको. झुडपांच्या बुंध्यांत अडकलेल्या काटक्या, उभे कापलेले काठ, वाळून कडा वर वळलेल्या चिखलाच्या पापड्या दिसल्या की तिथून पाणी वाहून गेलेलं आहे. पाऊस वीस मैलांवर डोंगरात पडतो आणि लोंढा तुमच्या निरभ्र आकाशाखाली येतो. कोरड्या तलावाचा तळही टाळा: वरचा थर कडक दिसतो, पण पावसानंतर खाली आठवडेच्या आठवडे चिखल राहतो आणि गाडी आसापर्यंत रुतते. शिवाय तिथे वाऱ्याला आडोसा नाही, आणि रात्री थंड हवा खोलगट भागात साचते. तळापासून 50-100 फूट वरचा, मागे खडक असलेला सपाट टप्पा उत्तम. प्राण्यांच्या पाणवठ्यापासून किमान 200 यार्ड दूर राहा. जवळ जुनी खाण असेल तर जागा बदला. अंधारात लघवीला उठलेला माणूस उघड्या विवरात पडू शकतो. जुन्या शेकोटीच्या राखेत पाय फिरवून पाहा. लोक लाकडी पॅलेट जाळतात, खिळे मागे उरतात आणि तेच तुमच्या टायरमध्ये घुसतात. स्टोव्ह पेटवायलाही कॅलिफोर्नियाचा कॅम्पफायर परवाना लागतो, तो ऑनलाइन फुकट मिळतो.

नोव्हेंबरअखेर इथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. दोन वाजता डांबर सोडलेलं असावं.

आता गाडी. सगळ्यात मोठा फरक पडतो टायरमधल्या हवेने. डांबरावर 35 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) असेल तर खडीच्या रस्त्यावर 25-28 ठेवा, वाळूत 15-18. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, वजन वाटलं जातं, आणि टोकदार दगडावर रबर फाटण्याऐवजी दबतं. 12च्या खाली जाऊ नका, वळणावर टायर रिमवरून निसटतो. हवा कमी असताना वेग कमी ठेवा, नाहीतर टायरच्या भिंती तापतात. परत भरायला बॅटरीला थेट जोडायचा कॉम्प्रेसर घ्या. सिगारेट-लायटरच्या सॉकेटवर चालणाऱ्या स्वस्त पंपांना चार टायर भरता भरता धाप लागते. पंक्चर किटने टायरच्या तळव्यातलं भोक बुजतं, बाजूच्या भिंतीतलं नाही. म्हणून स्टेपनी पूर्ण आकाराची हवी. आउटबॅकमध्ये बारकी तात्पुरती स्टेपनी असेल तर त्याच मापाचं एक चाक मिळवा. चारही चाकं फिरवणाऱ्या गाडीला एक चाक लहान लावून खडकाळ वाटेवर मैलोन्मैल चालवलं तर मधला क्लच तापतो. जॅकखाली ठेवायला फूटभर रुंद जाड फळीही घ्या, वाळूत नुसता जॅक खाली जातो.

पन्हाळी पत्र्यासारख्या रस्त्यावर काही जण वेग वाढवतात. हादरे कमी वाटतात, कारण चाकं उंचवट्यांच्या माथ्यावरून उडत असतात. म्हणजेच त्यांची जमिनीवरची पकड गेलेली असते, आणि वळण आलं की गाडी आडवी सरकते. हवा उतरवा, सावकाश चला, मधूनमधून थांबून शॉक अॅब्सॉर्बर थंड होऊ द्या.

मोठा दगड दोन चाकांच्या मधे घेण्याची सवय सोडा. चाक त्याच्यावर चढवा, म्हणजे पोटाला धोका नाही. आउटबॅकच्या पोटाखाली 8.7 इंच आहेत, पण तिला लो रेंज, म्हणजे फोररनरसारखा संथ पण जास्त जोर देणारा जादा गिअर नाही. लांब चढावर, खोल वाळूत तिचा सीव्हीटी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापतो. इशारा दिसला तर थांबून थंड होऊ द्या. फोररनर पुढे ठेवा, अवघड टप्पा आधी पायी चालून पाहा, आणि एकच माणूस बाहेर उभा राहून हाताने दिशा देईल. दोघं ओरडायला लागले की चालक गोंधळतो. उतारावर आपल्या घाटांतलाच नियम: ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. आउटबॅकला मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर द्या.

वाळूत संथ पण सलग चला, चढावर थांबू नका, थांबायचं झालं तर ब्रेक न मारता गाडी आपोआप थांबू द्या. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक घसरू न देणारी यंत्रणा, वाळूत इंजिनाची ताकद कापतो, म्हणून तिथे बंद. खडकावर मात्र चालू. चाक जागेवर फिरलं की लगेच पाय काढा. आणखी दोन सेकंद रेटलं की खड्डा दुप्पट होतो. चारही चाकांसमोरची आणि पोटाखालची वाळू फावड्याने काढा, हवा आणखी दोन-तीन पीएसआयने उतरवा, ट्रॅक्शन बोर्ड, म्हणजे चाकाला पकड देणाऱ्या खाचांच्या पट्ट्या, चाकाला घट्ट भिडवा आणि आलात त्याच चाकोरीतून मागे या. दुसऱ्या गाडीने ओढायची वेळ आली तर दोर हिच बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला कधीही अडकवू नका. तो गोळा तुटला तर तोफगोळ्यासारखा काच फोडून आत येतो, यात माणसं मेलेली आहेत. हिच रिसीव्हरमध्ये, म्हणजे हा गोळा ज्या चौकोनी खोबणीत बसतो तिच्यात बसणारा, वजनाची क्षमता छापलेला शॅकल ब्लॉक (दोर अडकवायच्या कडीचा ठोकळा) मिळतो, तो वापरा. ओढताना बाकीच्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं राहायचं.

पाणी माणशी रोज दोन गॅलन धरा, वर एक दिवसाचं जादा, आणि एकाच कॅनमध्ये नको. पेट्रोल बार्स्टो किंवा लुडलोला पूर्ण भरा. वाळूत आणि लो रेंजमध्ये मायलेज निम्म्यावर येतं, म्हणून टाकी अर्धी झाली की परतीला लागा. फोन बहुतेक ठिकाणी लागणार नाही. नेटवर्कशिवाय उपग्रहावरून निरोप पाठवणारा उपग्रह मेसेंजर किंवा आयफोन 14 अथवा त्यापुढचा जवळ हवा. कोणत्या वाटा, कोणती जागा आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर शेरीफला फोन करायचा, हे घरी लिहून द्या. गाडी बंद पडली तर तिला सोडून चालत निघू नका. 1996च्या जुलैमध्ये डेथ व्हॅलीत चार जर्मन पर्यटकांची व्हॅन टायर फुटून अडकली आणि ते पायी निघाले. व्हॅन काही महिन्यांत सापडली, त्यांतल्या दोन प्रौढांच्या अस्थी मिळायला 2009 उजाडलं.

परतताना डांबराला लागायच्या आधी हवा पूर्ववत भरा. टायर तापलेले असतील तर गेज तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो, घरी पोचल्यावर सकाळी गार टायरवर पुन्हा मोजा. चाकांचे नट पान्याने तपासा, टायरच्या आतल्या बाजूला हात फिरवून चिरा बघा, आणि एअर फिल्टर काढून झटका.